दिसला का?

माझ्या लहानपणी सफारी ही अंगात घालायची वस्तू होती. अर्ध्या बाह्या, चार खिसे आणि चहात दूध जास्त पडल्यावर होतो तो रंग, एवढं जमलं की कोणताही माणूस बँकेचा शाखाधिकारी दिसू लागे. लग्नात सफारीचं कापड मिळालं नाही म्हणून मांडवात पाठ फिरवून बसलेले मामा मी पाहिले आहेत. पुढे ही सफारी अंगावरून केव्हा उतरली ते कुणालाच कळलं नाही. परत आली ती रूप पालटून. आता सफारी कुणी शिवत नाही. सफारी करतात.

शब्द मुळात आपल्या घरातलाच. अरबीतला 'सफर' फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि 'सफर'च राहिला. तोच आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उतरला आणि स्वाहिलीत 'सफारी' झाला. अर्थ एकच : प्रवास. म्हणजे आमच्या केदारखेड्याचा म्हातारा पूर्णेचा पूल ओलांडून कसलासा दाखला काढायला तालुक्याला जातो, तीही सफारीच. त्याला काय दिसलं हे मात्र कुणी विचारत नाही.

आणि माझं भांडण नेमकं या विचारण्याशी आहे.

मे महिन्याच्या सुट्टीत ताडोब्याला जाऊन आलेल्या माणसाला घरचे, दारचे, ऑफिसातले, एस.टी.त शेजारी बसलेले, सगळे एकच विचारतात : "दिसला का?" या वाक्याला कर्ता लागत नाही. व्याकरणाच्या मास्तरांनी याची नोंद घ्यायला हरकत नाही. 'दिसली का' असं कुणी म्हणत नाही, 'दिसले का' असं तर नाहीच. पुल्लिंगी, एकवचनी, अध्याहृत. तुम्ही पन्नास सांबरं पाहिलेली असोत, गव्यांचा अख्खा कळप रस्ता ओलांडताना पाहिलेला असो, तलावाच्या काठी ऊन खात पडलेली मगर पाहिलेली असो, उत्तर 'नाही' असेल तर समोरचा चेहरा असा करतो की जणू तुम्ही पंढरपूरला गेलात आणि बडव्यांना भेटून परत आलात.

याचा सगळा भार पडतो तो गाइडवर. मोहर्लीच्या गेटावर पहाटे थंडीत कानटोपी घालून उभा असलेला तो गावचा पोरगा. त्याला पाखरं कळतात, झाडं कळतात, भेकर ओरडलं की वानर ओरडलं, आणि ते घाबरून की उगीच, हेही कळतं. पण जिप्सीत बसल्याबरोबर मागच्या सीटवरून पहिला प्रश्न येतो, "आज दिसेल ना नक्की?" बिचारा काय सांगणार! माझी आणि त्याची जात एक. आमच्या काउंटरवर 'लिंक गेली आहे' असं सांगितलं की गिऱ्हाईक माझ्याकडे ज्या नजरेने पाहतं त्याच नजरेने लोक त्याच्याकडे पाहतात. लिंक मी तोडलेली नसते आणि वाघ त्याने लपवलेला नसतो. पण मला निदान पगार ठरलेला आहे. त्याला वाघ दिसला तर बक्षिशी, नाही दिसला तर नुसतं "बरंय".

आता ताडोब्याची थोडी कुंडली सांगतो. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान, १९८६ ला अंधारी अभयारण्य आणि १९९५ ला दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. गाभ्याचं क्षेत्र सव्वासहाशे चौरस किलोमीटर. मंगळवारी गाभ्यातली सफारी बंद, म्हणजे आम्हाला जशी दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी तशी वाघाला मंगळवारी. (बाकी सहा दिवस दोन पाळ्यांत काम.) या सव्वासहाशे चौरस किलोमीटरांत गवताच्या काडीपासून अस्वलापर्यंत असंख्य जीव आपापला प्रपंच करतात, आणि आपण तिथे जाऊन विचारतो, दिसला का.

मी गेलो होतो तेव्हाची गोष्ट. सकाळी साडेसहाच्या सुमाराला रस्त्याच्या वळणावर आठ-नऊ रानकुत्री आमच्या पुढ्यात आली. तांबूस अंग, काळं शेपूट, आणि शिट्टी घातल्यासारखा आवाज. त्यांनी एका चितळाला मघाशीच घेरलेलं असावं, कारण दोघांची तोंडं लाल होती. एकजण बाजूला राखण करत होता, बाकीचे आत गवतात जाऊन येत होते. पाळीपाळीने. धक्काबुक्की नाही, ओरडा नाही, टोकनाशिवाय इतकी शिस्तीची रांग मी माझ्या नोकरीत पाहिलेली नाही. रानकुत्रं म्हणजे काही ऐरागैरा प्राणी नव्हे. जगात पिल्लं धरण्याच्या वयाची रानकुत्री वाघांपेक्षाही कमी उरली असावीत असा जाणकारांचा अंदाज आहे. शिकारी प्राणी शिकारीवर, वीस पावलांवर, तोही सहकुटुंब! याहून जास्त काय दाखवायचं जंगलाने?

इतक्यात पुढून आलेल्या जिप्सीवाल्याने हात हलवला. "कॉल आहे." झालं. मागच्या सीटवरच्या काकू म्हणाल्या, "अहो, कुत्री काय बघताय, चला." आणि आम्ही निघालो. धुरळा उडवत, फांद्या चुकवत, कंबरेच्या मणक्यांची नव्याने ओळख करून घेत आम्ही पोचलो, तर तिथे अगोदरच चौदा गाड्या. चौदा गाड्यांतली सत्तर-ऐंशी माणसं एका बांबूच्या बेटाकडे टक लावून बसलेली. बांबू अप्रतिम होता. चाळीस मिनिटं आम्ही तो पाहिला. शेवटी एक पिवळसर काहीतरी हललं आणि सत्तर माणसांनी एकदम श्वास रोखला. ते पान होतं, असं माझं मत. काकूंच्या मते ते शेपूट होतं. त्यांनी घरी जाऊन 'दिसला' असंच सांगितलं असणार.

वाघाच्या राज्यात वाहनातून जावं ही अक्कल पहिल्यांदा सुचली ती एका मराठी म्हातारीला. तिने भोपळा वापरला. पण त्या म्हातारीत आणि आपल्यात फरक असा की वाघ आपल्याला दिसू नये आणि आपण वाघाला दिसू नये, एवढीच तिची इच्छा होती. वाघाचं काम वाघाने करावं, आपण लेकीकडे जाऊन तूपरोटी खावी. जंगलातून जाण्याचा याहून सभ्य मार्ग मला ठाऊक नाही.

आमचा भोपळा उघडा आहे आणि त्यात सहाजण बसतात.

आता कुणी म्हणेल, बघितल्याने वाघाचं काय झिजतं? तर ऐका. ३१ डिसेंबर २०२४. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य, गोठणगावचं गेट. वर्षाचा शेवटचा दिवस म्हणून सगळं जग हॉटेलात गर्दी करत होतं, काही लोकांनी ती जंगलात केली. एफ-२ नावाची वाघीण आपली पाच पिल्लं घेऊन रस्त्यावर आली, आणि पुढून गाड्या, मागून गाड्या अशी तिची कोंडी झाली. नियम काय? राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की प्राण्यापासून वीस मीटर लांब राहा, दोन गाड्यांत पन्नास मीटर ठेवा, कोणत्याही जनावराला कोंडू नका. इथे पाच लेकरांची आई मधोमध आणि चहूकडे मोबाइल. चित्रफीत देशभर फिरली, चालक-गाइडांवर कारवाई झाली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपण होऊन दखल घेतली. बरं झालं. पण गाडी पुढे घे, अजून पुढे घे, हे चालकाच्या कानात कोण सांगतं? चालकाला वाघ नवा नाही. तो रोज पाहतो. ती गाडी पेट्रोलवर कमी आणि मागच्या सीटवरच्या 'दिसला का'वर जास्त चालते.

केदारखेड्याचे एक निवृत्त हेडमास्तर मुलाच्या कृपेने केनियाला जाऊन आले. मसाई मारा. आल्यावर महिनाभर गावात त्यांचंच राज्य होतं. "पाचही झाले," असं ते पारावर सांगत. पाच म्हणजे सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा. ही यादी कुणी केली असेल असं तुम्हाला वाटतं? कवीने? प्राणिशास्त्रज्ञाने? मुळीच नाही. पायी जाऊन मारायला सगळ्यांत अवघड आणि धोक्याचे प्राणी कोणते, याची ती गोऱ्या शिकाऱ्यांची यादी. बंदुका गेल्या, कॅमेरे आले, यादी तीच राहिली. मास्तरांनी ती पाढ्यासारखी पाठ केली आणि एकेकाच्या नावापुढे बरोबरची खूण केली. पंचविसाव्या वर्षी शाळेत लागल्यापासून त्यांना हजेरी घ्यायची सवय, ती आफ्रिकेतही सुटली नाही.

मास्तरांचा चित्ता त्या पाचांत नाही, पण त्यांनी तोही पाहिला, दहा गाड्यांच्या घोळक्यातून. त्याच मसाई मारातल्या चित्त्यांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. जिथे पर्यटकांच्या गाड्या कमी, तिथली चित्तीण एका वेतातली सरासरी दोनाहून थोडी जास्त पिल्लं वाढवून मोठी करते. आणि जिथे गाड्यांची वर्दळ जास्त, तिथे हा आकडा ०.२. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. मला कविता फारशी कळत नाही पण दशांश चिन्ह कळतं. शून्य पूर्णांक दोन म्हणजे पाच बाळंतपणांत मिळून एक पिल्लू. चित्ता दिवसा शिकार करतो, गवतात दबकत जातो. त्याच्यापाठोपाठ दहा इंजिनं गुरगुरत असली तर हरीण काय बहिरं आहे? आई उपाशी तर लेकरं उपाशी. झिजतं ते हे.

यावर ठरलेलं उत्तर येतं : "अहो, पर्यटनामुळेच तर वाघ वाचला." या उत्तरात खरं आहे, नाही असं नाही. गेटावरच्या गावांना काम मिळालं, पोरं गाइड झाली, बायका जिप्सी चालवायला लागल्या, हे चांगलंच आहे आणि मी त्याच्या आड नाही. पण हिशेब पुरा मांडा. १९७२ चा वन्यजीव कायदा, १९७३ चा व्याघ्र प्रकल्प (पहिल्या नवांत आपलं मेळघाट), रात्रंदिवस पायी गस्त घालणारे वनरक्षक, ही झाली एक बाजू. २००६ च्या गणनेत देशभरात १४११ वाघ होते, २०२२ च्या गणनेत ३६८२, त्यातले ४४४ महाराष्ट्रात. हे वाघ राहतात कुठे? ताडोब्यातून बोटेझरी उठलं, रामदेगीचं नवेगाव उठलं, जामणी उठलं. माणसं आपली घरं, देव आणि आंब्याची झाडं सोडून बाहेर पडली. त्या मोकळ्या झालेल्या गायरानावर आता दुपारी उत्तम साइटिंग होतं.

आणि खुद्द ताडोबा म्हणजे कोण? गोंडांचा तारू नावाचा वीर. वाघाशी झुंजताना मेला, आणि लोकांनी तलावाकाठी झाडाखाली त्याचा देव केला, अशी कथा आहे. म्हणजे जंगलाला नाव वाघाचं नाही, वाघाने मारलेल्या माणसाचं आहे. ही गोष्ट मला फार आवडते आणि फार टोचते. कारण ती कथा अजून चालूच आहे. मे २०२५ मध्ये त्याच चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीच्या जंगलात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. तेंदूपत्ता भल्या पहाटे तोडतात, उन्हाच्या आत. सकाळची सफारीही तेव्हाच सुटते. एकाच वेळी एकाच जिल्ह्यात काही माणसं वाघ दिसावा म्हणून पैसे भरून जंगलात जातात आणि काही दिसू नये म्हणून देवाचं नाव घेत जातात. पहिल्यांना पावती मिळते. दुसऱ्यांच्या घरच्यांनाही मिळते. शासन मदत देतं, काही रक्कम लगेच आणि उरलेली मुदत ठेवीत. ती मुदत ठेवीची पावती कुठल्या तरी शाखेत माझ्यासारखाच एखादा कारकून लिहीत असेल. त्याने 'दिसला का' विचारलं नसेल अशी आशा आहे.

आता तुम्ही म्हणाल, तुम्ही जालना जिल्ह्यातले, तुम्हाला या वाघांच्या उठाठेवी कशाला? तर वाघ आमच्या शेजारपर्यंत येऊन गेला आहे. टिपेश्वरचा एक तरुण वाघ, गळ्यात पट्टा बांधलेला, २०१९ च्या पावसाळ्यात यवतमाळहून निघाला. तेलंगणाला वळसा घातला, हिंगोली पाहिली, आणि वर्षअखेरीस आमच्या लगतच्या बुलढाण्यात ज्ञानगंगा अभयारण्यात मुक्कामाला आला. नऊ महिन्यांत सुमारे तीन हजार किलोमीटर. कपाशीतून, तुरीतून, ओढ्या-नाल्यांतून, हमरस्ते ओलांडून. ही खरी सफारी, अरबी अर्थाची! आणि गंमत अशी की एवढ्या वस्तीतून गेला, तरी तो जवळपास कुणालाही दिसला नाही. वाटेत एकच माणूस जखमी झाला, तोही वाघ ज्या झुडपात झोपला होता त्यात चार लोक शिरले म्हणून. शेजारी म्हणून याहून बरी वागणूक मी कित्येक फ्लॅटधारकांची पाहिलेली नाही.

आणि वाघ येवो न येवो, आमच्याकडे आमचा स्वतःचा एक आहे. लांडगा. त्याला कुणी 'दिसला का' विचारत नाही. त्याच्याबद्दल मराठीत एकच वाक्य आहे, 'लांडगा आला रे आला', आणि ते खोटं बोलणाऱ्या पोराचं आहे. वास्तविक कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत लांडगा वाघाच्याच पंक्तीला बसतो. देशातले लांडगे तीन हजारांच्या आसपास भरतील असा अंदाज आहे. म्हणजे वाघांहून जास्त खासच नाहीत. पण लांडगा राहतो माळरानावर, आणि माळरान आपल्या दफ्तरात 'पडीक' आहे. पडीक म्हटलं की कुणाच्याही हाताला खाज सुटते. कुणी मुरूम नेतो, कुणी प्लॉट पाडतो, आणि ज्यांना काहीच सुचत नाही ते खड्डे खणून वृक्षारोपण करतात. कुसळी गवताच्या माळावर झाड लावणं म्हणजे लांडग्याच्या घरात न विचारता कपाट नेऊन ठेवणं. पण फोटो चांगला येतो. वाघासाठी गाव उठवणाऱ्या सरकारला लांडग्यासाठी माळ नुसता तसाच राहू देणं जमू नये? त्याला पैसे पडत नाहीत, हीच बहुधा अडचण असावी.

दिवाळीनंतर आमच्या भागात मेंढपाळ उतरतात. कुणाच्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखत द्यायचं, पुढे जायचं. असे एक बाबा मागच्या हिवाळ्यात बँकेत आले. लांडग्याने दोन मेंढरं नेली होती, एक मारून टाकलं होतं. नुकसानभरपाईसाठी खातं पाहिजे होतं. नियम मी वाचून दाखवला : ४८ तासांत कळवायचं, पंचनामा होईतो मेलेलं जनावर जागचं हलवायचं नाही. बाबा म्हणाले, "म्या नाही हालवलं. पर लांडग्यानं हालवलं, त्याला कोन सांगनार?" २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे मेंढीला बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५ हजार, यांतलं जे कमी ते. जे दोन लांडगा घेऊन गेला त्यांचा पंचनामा कशाचा करणार? म्हणजे आलं एकावर. मग मी पत्त्याचा पुरावा मागितला. बाबांनी दाराबाहेर बोट दाखवलं. तिथे माळ होता, माळावर वाघर लावलेली, वाघरीत मेंढरं. दोन मुक्कामांनंतर हा पत्ताही बदलणार होता. अखेर गावच्या आधारकार्डावर काम भागवलं.

"लांडग्याचा राग नाही येत का हो?" मी अर्ज भरता भरता विचारलं.

"राग काय? त्यालाबी लेकरं हायेत. वरसाला दोन-तीन त्याचीच धरायची." आणि मग इकडेतिकडे पाहून, "तुमी म्हनं वाघ बघाया गेल्ते?"

मी हो म्हटलं. तिकीट किती, जिप्सी किती, गाइड किती, हॉटेल किती, सगळं त्यांनी एकेक विचारून घेतलं. बोटांवर बेरीज केली. बेरीज माझ्याशी जुळली. आकड्यात आठ-दहा मेंढरं सहज आली असती.

"यातलं वाघाला किती देत्यात?" बाबांनी विचारलं.

मी फॉर्मवर अंगठ्याची जागा दाखवली.